कामशेतचं पहिलं सेल्फ-सर्व्हिस स्टोअर

१ नोव्हेंबर १९६८, शुक्रवार
कंपनीच्या ट्रेनिंगसाठी स्टुटगार्टला राहून आलो, त्याचं चीज आता करायचं. महिन्याची रजा मंजूर. वडिलांचं किराणा दुकान सध्या बायको, नंदा, चालवते. त्याचं सेल्फ-सर्व्हिस स्टोअर करणार. जर्मनीत गिऱ्हाईक आत शिरतं, बास्केट उचलतं, हवं ते घेतं, पैसे देतं, जातं. तोंडातून शब्द नाही. आपल्याकडे बाई पावशेर गुळाला येते आणि लेकीच्या बाळंतपणापासून सुरुवात करते.
संकल्प: गप्पा बंद. चव बघणं बंद. वजनावर वरची मूठ घालणं बंद.
नंदाला योजना सांगितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, करा. पाठिंबा आहे.

५ नोव्हेंबर
फळ्या ठोकल्या. सगळा माल पुड्यांत बांधला. तराजू आणि बसायचं बाकडं आता कालबाह्य, दोन्ही मागे पडवीत टाकली. दारावर बोर्ड: ‘आपला माल आपण घ्यावा. बोलू नये.’
हे चाललं की लोणावळ्याला शाखा. मग नोकरी सोडायची.

७ नोव्हेंबर
उद्घाटन. प्रतिसाद उत्तम, किरकोळ गैरसमज.
शालूबाईंनी बास्केट उचललं, न्याहाळलं, पैसे विचारले. ते विकायचं नाही म्हटल्यावर माझे आभार मानून घेऊन गेल्या. त्यात कोंबडी बसवली आहे असं कळतं. त्यांचं बघून आणखी काही बास्केटं गेली. निदान गावात प्रसार झाला.
बाजीरावांनी बोर्ड मोठ्याने वाचला, ‘आपला माल’ याचा अर्थ त्यांच्या सोयीने लावला आणि चहाचा पुडा घेऊन चालू लागले. रस्त्यात गाठावं लागलं.
शेजारच्या विठाबाई मागून येऊन नंदाला हळूच विचारून गेल्या, घरात कुणी गेलं का. दुकानात इतकी शांतता त्यांनी कधी पाहिली नव्हती. म्हणजे जर्मन वातावरण साधलं.

११ नोव्हेंबर
वडिवळ्याचा कोंडू आला. आंबेमोहराचा पुडा फोडून हुंगला. त्याला समजावलं की जर्मनीत कोणी तांदूळ हुंगत नाही.
तो म्हणाला, “म्हनून बटाटं खात असत्याल.”
दुर्लक्ष केलं. पुडा पुन्हा बांधला.
बाकी लोक उंबऱ्यापर्यंत येतात, मला बघतात आणि घराला वळसा घालून कुठेतरी जातात. स्वतःच्या हाताने माल उचलायला बिचकतात. सवय लागेल.

१४ नोव्हेंबर
यश. सकाळभर एक माणूस नव्हता. दुपारी जेवून थोडा पडलो, उठून बघतो तर फळ्या अर्ध्या रिकाम्या आणि गल्ला भरलेला. नंदाला विचारलं, माणसं आली होती का. म्हणाली, आली की.
निष्कर्ष: गिऱ्हाइकाला देखरेख नको असते. स्टुटगार्टला हेच तत्त्व आहे. मी समोर बसायचं कमी करावं.
नंदाचंही तेच मत. म्हणाली, तुम्ही पडत जा.

१९ नोव्हेंबर
रोज पडतो. विक्री वाढते आहे. पडवीतून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो, त्याने झोपमोड होते. नंदाच्या मैत्रिणी असाव्यात. तिलाही आता मोकळा वेळ मिळतो, हा सेल्फ-सर्व्हिसचा आणखी एक फायदा.
राजीनाम्याचा मजकूर मनात तयार आहे. त्याआधी व्हेबर साहेबांना स्टोअर दाखवतो. हे आमच्या कंपनीत आलेले जर्मन इंजिनिअर, लोणावळ्याला बंगल्यावर एकटे राहतात. त्यांचा शब्द मिळाला की झालं.

२४ नोव्हेंबर, रविवार
व्हेबर साहेब आले. इंग्रजीत सगळं समजावलं. त्यांनी फळ्या पाहिल्या, मान हलवली. मी विचारलं, अगदी तुमच्यासारखं ना. म्हणाले, हो, अगदी. चेहरा मात्र उतरला.
इतक्यात मागून हसणं ऐकू आलं. साहेब आवाजाच्या दिशेने निघाले, मी मागोमाग.
पडवीत माझं बाकडं. त्यावर डोंगरवाडीची पुतळाबाई आणि आणखी चौघी. नंदा माझे पुडे फोडून तराजूत ओतत होती. वर मूठभर घालत होती. कोंडू तांदूळ हुंगत होता.
मी काही बोलायच्या आत नंदाने साहेबांच्या हातावर शेंगदाणे ठेवले. पुतळाबाईने बाकड्यावर जागा केली आणि मला म्हणाली, “इचारा की त्यास्नी, घरी कोन कोन हाय?”
असले प्रश्न तिकडे विचारत नाहीत. तरी विचारला.
साहेबांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. मग सांगितलं ते असं. बायको गेली. मुलगा दूर. तिकडे शनिवारी दुपारी दुकानं बंद होतात. त्याआधी ते बास्केट भरायचे, पैसे द्यायचे, आणि सोमवारी कारखान्यात जाईपर्यंत कुणाशी एक शब्द व्हायचा नाही. त्यांच्या गावात आजीचं दुकान होतं, असंच. ते बंद पडलं.
हे सगळं मी बायकांना मराठीत सांगितलं.
पुतळाबाई म्हणाली, “मंग हितं येत जावा म्हनावं.”
मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब संध्याकाळपर्यंत बसले.

२५ नोव्हेंबर
नंदाशी बोललो. हे किती दिवस चाललंय असं विचारलं. उद्घाटनापासून, म्हणाली. सांगितलं का नाही? म्हणाली, “तुमी खूश व्हता.”
मागचं दार हा तांत्रिकदृष्ट्या सेल्फ-सर्व्हिसचाच एक प्रकार मानता येईल. विचार करतो.

२८ नोव्हेंबर
सोमवारपासून कामावर हजर होतो असं कंपनीत सांगून आलो.
दुपारी पुढच्या दुकानात एकटाच. झोप येईना. दाढीचं ब्लेड घ्यावं म्हणून फळीवरून उचललं, बास्केटात टाकलं, काउंटरवर गेलो. काउंटरवर कोणी नव्हतं. थोडा वेळ उभा राहिलो.
ब्लेड परत ठेवलं आणि घराला वळसा घालून मागे गेलो. माझ्यापुढे तिघी होत्या. पुतळाबाई सरकली. म्हणाली, “बसा भाऊ. काय पायजे तुमाला?”
बसलो.