एश्पोश्तो

प्रिय मरीलिया,

तुझं पत्र आणि बाळीचा फोटो दोन्ही पोचले. नाक आपलं आहे, कान मात्र जावईबापूंचे. वाढेल तसे झाकतील केसांत. शेजारची झुल्मिरा फोटो बघून म्हणाली, "अगं देओलिंदा, ही तर जन्मताच रागावलेली दिसते!" मी म्हटलं, "पणजीवर गेलीय, दुसरं काय." इकडे अंजिरं पिकून फुटायला लागलीत आणि उकाडा असा की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. माझे गुडघे कुरकुरतात, पण स्वयंपाकघर ते अंगण एवढं माझं राज्य अजून चालतंय.

तू विचारलंस, "आजी, हे नाव तू का लपवलंस? जुन्या दप्तरात सापडलं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही जन्मभर कारिसोच राहिलो असतो." गर्भार होतीस तेव्हाही विचारलं होतंस. मी तेव्हा हवापाण्याचं लिहून वेळ मारून नेली. आता टाळून चालणार नाही.

एश्पोश्तो म्हणजे उघड्यावर ठेवलेला. शिवी नाही ती, नुसती नोंद आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत लाकडी पिंप आहे ना, ज्यात मी कांदे ठेवते आणि लहानपणी तू लपायचीस, ते पिंप नाही, चाक आहे. एका बाजूनं उघडं, उभ्या दांड्यावर फिरणारं. पूर्वी त्याचं तोंड गल्लीकडे असे. पोर सांभाळणं ज्या बाईला शक्य नसे ती यायची, तान्हं आत ठेवायची, घंटा ओढायची आणि जायची. आतली बाई चाक फिरवून पोर उचलून घ्यायची. कोणी कोणाचं तोंड बघायचं नाही, असा नेमच होता. अशा प्रत्येक पोराला पाद्री बाप्तिस्म्याचं पाणी लावायचा आणि आडनाव एकच द्यायचा, एश्पोश्तो. माझे वडील फेलिस्बर्तो त्यातलेच. पुढे चाकं बंद झाली, गल्लीकडची बाजू दगडांनी बुजवली.

वडील खेचरांवर चेस्टनट लादून गावोगाव फिरायचे. पन्नाशीला टेकल्यावर लग्न केलं आणि घर घेतलं ते हेच. लोक चिडवायचे, "काय रे फेलिस्बर्तो, टाकलं तिथंच राहायला आलास? दुसरं छप्पर मिळालं नाही?" ते म्हणायचे, "मी माझ्या आईच्या दारात राहतोय. तुम्ही राहता का तुमच्या?"

पहिला मुलगा झाला, माझा थोरला भाऊ सिल्वेरियो. त्याला वडिलांनी आपलं आडनाव दिलं. नोंद झाल्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी बारा वाजता, पलीकडचं अलीकडे येतं म्हणून ज्या वेळेला आपल्याकडे उघडी वेळ म्हणतात, आईनं चाकाची करकर ऐकली. ते फिरवायला दोन्ही हातांचा जोर लागतो हे तुला ठाऊक आहे. आईनं येऊन पाहिलं तर चाकानं तोंड दगडांकडे केलेलं. तिनं ओढून परत आणलं, तर आतले कांदे एका बाजूला नीट सारून ठेवलेले आणि मधे तान्ह्या बाळाएवढी जागा. त्यानंतर सातव्या दिवशी त्याच वेळेला पाळण्यात सिल्वेरियो गार झालेला होता. ना ताप, ना रडणं.

आईनं आकांत केला, कुऱ्हाड घेऊन चाकावर धावली. वडिलांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "माझ्या आईची चूक नाही गं. ती मला न्यायला आली होती. नाव तेच, तिला काय कळणार? तिनं मला मोठा झालेला कुठे पाहिलाय!" मी झाले तेव्हा आई हट्टाला पेटली आणि मला तिचं माहेरचं आडनाव, कारिसो, लावलं; आपल्याकडे चालतं ते. वडील मात्र रोज दुपारी खुर्ची ओढून चाकापाशी बसायचे. मला वाटायचं, सावलीला बसतात. मी सतरा वर्षांची असताना त्यांच्यासाठी सूप घेऊन गेले, तर ते गार पडलेले, हात खांद्यापर्यंत चाकात होता आणि कांदे बाजूला. चेहरा असा, जणू रडून रडून दमलेल्या पोराला कुणीतरी एकदाचं उचलून घेतलंय. आई एवढंच म्हणाली, "चला, मिळाला तिला तिचा."

आम्हाला वाटलं, संपलं. तू इथवर वाचून म्हणशील, म्हातारीची दुपारची झोप झाली नाही. म्हण. पण एक गोष्ट तुझ्या बापालासुद्धा मी कधी सांगितलेली नाही. त्याच्याआधी मला एक मुलगा होता. आबेल. केस तांबूस, हसला की डाव्या गालाला खळी. वडिलांची आठवण म्हणून मी हौसेनं त्याला त्यांचं आडनाव लावलं. आई म्हणाली, "कशाला उगाच?" मी म्हटलं, "आता कोण येणार आहे?" नंतर एका दुपारी मी शेंगा सोलत बसले होते आणि पाठीमागे करकर झाली. उंदीर असेल म्हणत मी वळलेसुद्धा नाही, मरीलिया. सोलत राहिले. सात दिवसांनी आबेल गेला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. येणारी एकटी नव्हती. पूर्वी या तालुक्यात एश्पोश्तो उदंड होते. चर्चच्या वहीत पानापानावर तेच नाव. पोरं मोठी झाली, लाजली, कुणी सांतुश झालं, कुणी जेजुश, कुणी दाईच्या नवऱ्याचं नाव उचललं. वाईट काय त्यात? पण इकडे पोर शोधत फिरणाऱ्या त्या सगळ्या आयांना नावाशिवाय दुसरी खूण नाही. नाव जसं विरळ झालं, तशी दारं कमी झाली. शेवटी एकच राहिलं. दुपारी गल्ली रिकामी असते तेव्हा बुजवलेल्या भिंतीपलीकडे पावलं वाजतात. एकीची नव्हेत. रांगेत उभं राहिल्यासारखी, या पायावरून त्या पायावर. मला त्यांची भीती वाटत नाही, दया येते. पण दया आली म्हणून पोर कोण देतं?

आता तू लिहितेस की बाळीची नोंद झाली, तिला ते नाव लावून टाकलं, आणि झाल्यावर मला सांगून चकित करायचं ठरवलं होतंस. केलंस बाई चकित. शुक्रवारी बारा वाजता चाक फिरलं.

घाबरू नकोस, पुढचं नीट वाच. तू वसंतात पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच मी तालुक्याला जाऊन वडिलांचं आडनाव मागायचा अर्ज देऊन आले होते. तिथला कारकून दात काढून म्हणाला, "आजीबाई, या वयात नवं नाव? लग्नबिग्न ठरलंय का?" मी म्हटलं, "बोलावणं आलंय खरं, तू शिक्का मार." चार महिने लावले मेल्यांनी, पण काल कागद हातात आला. म्हणजे आता हे नाव लावणाऱ्या आपण दोघी, बाळी आणि मी. तुमचं लिस्बन लांब आहे. मी दारातच आहे. कांदे मी स्वतःच काढून ठेवलेत आणि दुपारी तिथेच बसते. पण मी एकीलाच पुरेन, मरीलिया, साऱ्यांना नाही. म्हणून पत्र वाचलंस की तशीच उठ आणि बाळीच्या नावाची दुरुस्ती मागायला जा. अर्जाला किती वेळ लागतो ते मी पाहिलंय, तेव्हा कारकुनाच्या टेबलासमोरून हलू नकोस; रड, भांड, पण शिक्का घेऊनच घरी जा. आणि माझी काही बातमी आली तर बाळीला घेऊन इकडे येऊ नकोस. माझ्या मातीला झुल्मिरा पुरे आहे.

तुझीच आजी,
देओलिंदा एश्पोश्तो