मुठीतलं घुंगरू

३ ऑगस्ट १९५३
पिराजी सायकलवर बसायला तयार नाही! तारवाटपाला सतरा तारखेपासून सायकल सक्तीची. सायकलच्या परीक्षेत नापास झाला तर त्याची रवानगी गोदामावर. संस्थानात पंचवीस वर्षं जासूद होता, पायी टपाल नेलं. विलीनीकरणानंतर आमच्या तार कचेरीत आला. घुंगराची काठी मात्र तीच.

"पिराजी, पडायला भिता?"
"पडाय कोन भितंय, ताई? दोनी हात हँडलाला, मग घुंगरू कोन धरनार?"

त्याची पद्धत अशी — तार चांगली असली की गल्लीच्या तोंडापासून घुंगरू वाजवत जायचं. वाईट असली की मुठीत गच्च. नाहीतर तारवाला दिसला की बायका आधीच रडायला लागतात.

४ ऑगस्ट
घुंगरू हँडलला बसवलं. ब्रेकची तार, एक स्प्रिंग, चामड्याची पट्टी. डाव्या हाताच्या बोटानं ओढलं की आवाज बंद. शिकवणी सुरू.

९ ऑगस्ट
आतापर्यंत अठरा वेळा पडला. मी मोजलं. "पयले आठ दिस पडतंच मानूस" म्हणतो. आजचा सहावा.

१७ ऑगस्ट
पास! साहेबांनी विचारलं, घुंगरू कशाला? "बैल आला समजून लोक बाजूला सरत्यात, साहेब."

२० ऑगस्ट
नवी अडचण. तार चांगली की वाईट, हे त्याला कळणार कसं? मजकूर सांगणं नियमात बसत नाही. गेल्या आठवड्यापासून तारा मी उतरवून देते; माझ्या आधीचे गणपतराव वाईट तार देताना खाकरायचे म्हणे.

"तुमच्या तोंडावरनं तर काय बी कळत न्हाय की! भिंत बरी, तिला पोपडे तरी हैत."

मी खाकरत नाही.

२४ ऑगस्ट
पिराजी शाहूपुरीत बाळाबाईंकडे घुंगरू दाबून गेला. सगळं घर रडायला बसलं. तार — नातू झाल्याची! बाळाबाई थेट कचेरीत. "प्वार जलमलं न्हाय तवर सुतक पाळाय लावलंसा व्हय रं?"

पिराजी माझ्याकडे बघत उभा. चूक त्याची नव्हती.

२५ ऑगस्ट
पेन्सिल कुठे ठेवावी याबद्दल नियमावलीत एक अक्षर नाही. दोनदा वाचली.

२७ ऑगस्ट
पेन्सिल कानामागे — चांगली. टेबलावर — वाईट. पिराजीला मी काहीही सांगितलेलं नाही. दोन दिवसांत त्याचं त्यालाच उमगलं.

२ सप्टेंबर
टेलिप्रिंटर शिकायला मुंबईला जाण्यासाठी अर्ज केला. यंत्रच अक्षरं छापणार, मग कट्ट-कट्ट ऐकून तार उतरवणारी कुणाला हवी? आता पडायची पाळी माझी. घरी माईला बोलले नाही. निवड झाल्याशिवाय आईला सांगण्यासारखं त्यात काय आहे?

१४ ऑक्टोबर, दुपार
मुंबईची तार मीच उतरवून घेतली. एकोणीस शब्द. नाव माझं, पत्ता आमच्या घरचा, मंगळवार पेठेतला. निवड झाली!

नियमाप्रमाणे लिफाफा बंद करून पिराजीकडे दिला. पेन्सिल आधीच खणात टाकली होती. त्यानं नाव वाचलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

घुंगरू कचेरीच्या पायरीपासूनच वाजत गेलं.

आता सव्वातीन. माईला कळलंही असेल. मी हसले नव्हते. नक्की नव्हते.