मानकरी

५ जानेवारी, सोमवार

नवी नोकरी, नवी खुर्ची, आणि खुर्चीची पाचही चाकं शाबूत. घाटकोपरच्या भटवाडीत अण्णांचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर, सोसायट्यांची पत्रकं, सगळं इथे होतं. मी टाइप करायचं, मागच्या खोलीतल्या मशीनवर अण्णांनी छापायचं. विक्रोळीच्या प्रेसमध्ये सहा वर्षं दुसऱ्याच्या उरल्यासुरल्या कॉम्प्युटरवर काढली. इथला पीसी फक्त माझा.

आल्या आल्या पेनड्राइव्ह लावला आणि माझी ॲप्स आत घेतली. कॉपी केलेल्या शेवटच्या दोनशे गोष्टी लक्षात ठेवणारं एक, दोन अक्षरांवरून हरवलेली फाइल हुडकणारं एक, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक. आणि साधं नोटपॅड, ज्यात ही रोजनिशी लिहिते आहे. ते ना रंग मागतं, ना अपडेट, ना तुमची जन्मतारीख. माझा नवरा सहदेव म्हणतो, तू माणसाला त्याच्या डेस्कटॉपवरून जोखतेस. जोखतेच. ज्याच्या डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल फायनल’ अशा फाइली असतात, त्याच्या घरी मी मुलगी देणार नाही.

अण्णांचा एकच नियम. पीसीवर ‘मानकरी’ नावाचं छोटंसं ॲप आहे, ते काढायचं नाही. माझ्या आधीचा ऑपरेटर नितेश, त्याने ते स्वतः बनवलं होतं. आपण नुसतं नाव टाइप करायचं, नावाआधीचा मान मानकरी लावतो: श्री., सौ., कु., चि., कै. त्याची यादी कुठे ठेवली आहे, असं विचारलं. अण्णा म्हणाले, यादी नाही, त्याला कळतं.

७ जानेवारी, बुधवार

दोन दिवसांत मानकरी माझं सगळ्यांत लाडकं ॲप झालं होतं. काल एका पत्रिकेत ऐंशी नावं होती. आत्या, मामा, वारलेले आजोबा, सगळ्यांना बिनचूक मान लागला. गिऱ्हाइकाने प्रूफ वाचलं आणि एकही काट मारली नाही. असं सहा वर्षांत झालं नव्हतं.

आज मात्र त्याने माझी वाट लावली असती. चंद्रप्रकाश गुरव म्हणून मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यांच्या पन्नाशीचा बॅनर होता. लाल फेटा, गॉगल, खाली बारा कार्यकर्त्यांचे फोटो. नाव टाइप केलं तर समोर ‘कै.’ मी खोडून ‘श्री.’ केलं. परत ‘कै.’ तिसऱ्यांदा खोडलं, तिसऱ्यांदा तेच. असा बॅनर नाक्यावर लागला असता तर मंडळाच्या पोरांनी दुकानाचं शटर उपटून नेलं असतं. मी नितेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अण्णा मागून आले, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, राहू दे गं, ती फाइल माझ्याकडे दे. शुभेच्छांचा बॅनर त्यांनी दुसऱ्या पीसीवर केला.

८ जानेवारी, गुरुवार

चंद्रप्रकाश गुरव गेले. सकाळी मॉर्निंग वॉकला गेले असताना चालता चालता कोसळले. दहा वाजता त्यांचा पुतण्या श्रद्धांजलीचा बॅनर सांगायला आला. अण्णांनी कोपऱ्यातली गुंडाळी उचलून त्याच्या हातात दिली. पोरगा रडत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही.

माझ्या आलं. मी मागे जाऊन प्रिंटरची नोंद उघडली. श्रद्धांजलीचा तो बॅनर काल संध्याकाळी सहा चाळीसला छापला होता. तेव्हा तो माणूस नाक्यावर वडापाव खात उभा होता, मी जाताना त्याला नमस्कारही केला होता.

१० जानेवारी, शनिवार

अण्णांना धरलं. माझा आवाज बाहेर रस्त्यावर जात होता, जाऊ दे. ते शांतपणे म्हणाले, मी काय मारतो का कुणाला? मला आधी कळतं एवढंच. बाकीचे घाईत छापतात आणि मेलेल्या माणसाचं नाव चुकवतात, माझं प्रूफ निवांत वाचलेलं असतं. मग सांगत का नाही लोकांना, मी विचारलं. एकदा सांगितलं, म्हणाले. लोकांनी मारलं, आणि माणूस गेला तो गेलाच.

हा माणूस लोकांचे मुडदे पडायच्या आधी कापड कापून ठेवतो आणि वर प्रूफरीडिंगची फुशारकी मारतो. माझं रक्त उकळलं.

मग त्यांनीच सांगितलं. एक वाट आहे, अनडू. कंट्रोल-झेड दाबलं की तो शब्द, म्हणजे ते मरणच, वरच्या ओळीतल्या नावावर जातो. एकदाच ढकलता येतो, पुढे नाही. फार तर रीडू करून परत घ्यायचा. नितेशने आईच्या नावावरून ढकलला होता. घाईत वरची ओळ वाचली नाही. वर त्याचा भाऊ होता. नितेश आता कुणाशी बोलत नाही.

मानकरी काढून टाकला. पीसी परत सुरू केला तर जागच्या जागी. ही रोजनिशी उघडली तर त्यातही त्याने बोटं घातलेली. ‘सहदेव’ लिहिलं होतं तिथे ‘श्री. सहदेव’. माझ्या नोटपॅडमध्ये. सगळं या वहीत उतरवून घेतलं आणि ती फाइल उडवली. यापुढे वहीतच.

नोकरी सोडणार नाही. मी गेले तर ‘कै.’ दिसल्यावर त्या घरी जाऊन सांगणारं कोण आहे? मार पडला तर पडला.

१३ जानेवारी, मंगळवार

आमच्याच बिल्डिंगच्या हळदीकुंकवाचं पत्रक. एकतीस बायका. हळदीकुंकू म्हणजे सगळ्या ‘सौ.’, नवरा गेलेलीला बोलवतच नाहीत. या रिवाजाचा मला आधीपासून संताप आहे. पण आज प्रत्येक ‘सौ.’ बघून हायसं वाटत होतं. तिसावी सौ. शकु, चार महिन्यांपूर्वी लग्न झालेली. एकतिसावी मी.

श्रीमती सुलक्षणा सहदेव परब.

पत्रिकेत श्रीमती कुणाला लागतं, ते कुणी सांगायला नको. खोडलं. परत आलं. खोडलं. परत.

सहदेवला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आज मुलुंडच्या एका टॉवरवर होता. ठणठणीत. हसला. म्हणाला, काय गं, तुझ्या कॉम्प्युटरला माझा जीव कशाला हवाय यार.

अण्णा मागे उभे होते. मला वाटलं, धीर देतील. त्यांनी विचारलं, सहदेवचा एखादा चांगला फोटो आहे का मोबाइलमध्ये? नंतर घाईत मिळत नाही.

मी कीबोर्ड उचलला होता. का नाही घातला त्यांच्या डोक्यात, माहीत नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सहदेव कामावर गेला. मी त्याच्या हातापाया पडले. पवईला लिफ्टमध्ये कोणी अडकलंय म्हणाला — ओलांडून गेला मला.

त्या यादीत अनडू करणार नाही. वर शकु आहे.

अकरा वाजता. नवी फाइल. दोनच ओळी. वर अण्णा. खाली मी. श्री. अण्णा. श्रीमती सुलक्षणा सहदेव परब. कंट्रोल-झेड.

खाली ‘सौ.’ झालं. वर ‘कै.’ झालं.

मला वाईट वाटत नाही. फोटो मागतो मेला.

बारा. अण्णा आलेत. धडधाकट. हातात तिळगूळ. स्क्रीन वाचली — रागावले नाहीत. म्हणाले, अण्णा तर गिऱ्हाइकं म्हणतात. माझं कागदावरचं नाव तू विचारलंच नाहीस. नुसतं ‘अण्णा’ लिहिलं की मानकरी टाइप करणाऱ्याच्या घरचा माणूस धरतो. तुझ्यात अण्णा कोण?

मी म्हटलं, कुणी नाही. खरंच कुणी — जोगेश्वरीला फक्त माझे बाबा —

बाबा. मी बाबा म्हणते. आई अण्णा म्हणते. चाळ अण्णा म्हणते. सहदेव पण. मी एकटीच — म्हणून डोक्यातच आलं नाही —

बाबा उचलत नाहीत. सहदेव उचलत नाही.

रीडू केलं तर सहदेव. नाही केलं तर —

अण्णा खुर्ची ओढून बसलेत. थांबलेत. तोंडात तिळगूळ आहे. याला मी —

डावा हात कीबोर्डवर. कंट्रोल दाबलंय. रीडूच्या वायवर बोट आहे — दाबलं नाही — दाबू — बाबा, मी रागात —

फोन वाजतोय. नाव वाचणार नाही. आधी ठरवायचं, मग वाचायचं. आधी