विहीणबाईंची ओळ

सोमवार, ३
आले एकदाची मुलाच्या नव्या घरी. घर झकास आहे. लिफ्टमध्ये आरसा, म्हणजे वर पोचेपर्यंत आपलंच थोबाड बघत बसा. खोली मात्र सुनेच्या आईबरोबर. विहीणबाईंनी खिडकीकडचा पलंग आधीच बळकावलाय. मी म्हटलं, हवा तुम्हीच खा हो, मला तुमचं घोरणं पुरेल. नात खिदळली. विहीणबाई नाही.

बुधवार, ५
मुलगा कॉम्प्युटरला प्रोग्रॅम वाचायला शिकवतो. कशात काय येतं, कशामागून काय, त्याचे नियम लिहितो. घरालाही त्याने तसंच जुंपलंय. हॉलमध्ये फळा आहे: डावीकडे एक शब्द, मग बाण, उजवीकडे त्यात काय काय येतं ते. सगळ्यात वर 'घर'. घरातून बाण खोल्यांकडे, खोल्यांतून माणसांकडे. यंत्र रोज सकाळी वरून वाचत खाली येतं आणि तसे नळ, दिवे, दारं चालवतं. ज्या शब्दाची ओळच नाही तो लगेच, आणि ज्यापर्यंत कुठूनच पोचता येत नाही तो एक दिवस वाट बघून, निरुपयोगी म्हणून गाळतं. माझी शाळा चौथीत सुटली, तरी एवढं कळलं. मुलगा म्हणाला, आई, तू माझ्या साहेबांपेक्षा हुशार आहेस.

शुक्रवार, ७
विहीणबाई सुनेला सांगत होत्या, हिला वृद्धाश्रमात टाका. कान शाबूत आहेत माझे. दुपारी त्या घोरायला लागल्यावर ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरची त्यांची अख्खी ओळ पुसली. मस्करीत. बरं, मस्करीत नाही.

शनिवार, ८
विहीणबाई नाहीत. पलंगही नाही. सुनेला विचारलं, तुझी आई कुठे? कुठली आई, म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली. वाईट वाटायच्या आधी मनात आलं, पलंग तरी ठेवायचा.

रविवार, ९
नळ मला पाणी देत नाही. दार सरकत नाही. सुनेने तीनच ताटं घेतली.
फळ्यापाशी गेले. 'आजी' खाली डावीकडे आहे, बाणासकट. उजवीकडे कुठेच नाही. होती ती एकाच ओळीत, विहीणबाईंच्या. खोली त्यांची, मी मागाहून आलेली, म्हणून पोराने मला तिथे कोंबलं होतं.
ती ओळ मीच—

सोमवार, १०
मुलाला हाका मारल्या. भिंतीकडे बघावं तसा बघतो. नातीला जवळ घेतलं तर थंडी वाजते म्हणाली.
'घर'पुढे 'आजी' लिहिलं. कुणी रेघोट्या मारल्या म्हणत सुनेने पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

मंगळवार
सून असेपर्यंत पुसणार. तिचीच ओळ काढायची. पोराला दुसरी मिळेल.
नात सुनेच्या ओळीत आहे. फक्त तिथेच.

गेली तर गेली. आधी मी—

फडकं उचलवत नाही. बोटांतून आरपार— पेन तरी अजून हाता—