माझी ऊब तुला दिली

२ मार्च
लेकीकडे राहायला आले. घर लहान, पण उजेड भरपूर आणि खिडकीतली खुर्ची माझ्या मापाची. लेक पक्षी पाळते. आल्याआल्या तिने ही वही हातात दिली, पिल्लांची नोंद मी ठेवायची म्हणे. म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ती म्हणाली, मग पक्ष्यांना बरोबर वाचता येईल. नात भिंगरी खो खो हसली. सहा वर्षांची आहे, जीभ माझ्यावर गेली आहे.

३ मार्च
उबेची पेटी मांडली. प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोकं, एका अंगाला जाळीआड बल्ब. दुसरं अंग मुद्दाम गार ठेवायचं, म्हणजे उकडलं तर पिल्लू तिकडे सरकतं. वाटीत पाणी, नाहीतर कातडी सुकते. खाली कागदी रुमाल. पारा छत्तीसवर आला तेव्हा पोपटाची तीन पिल्लं ठेवली. नागडी, डोळे मिटलेले, पोटच पोट. म्हटलं, थेट व्याह्यांवर गेलीत. भिंगरीने ते लगेच बापाला फोनवर कळवलं. कार्टी.

५ मार्च
दुपारी वीज गेली. लेक कामावर. पारा उतरू लागला, पिल्लं एकमेकांवर चढून बसली. भिंगरी रडायला लागली. तिला म्हटलं, पेटीवर हात ठेव आणि म्हण, माझी ऊब तुला दिली. रडणारं पोर कशात तरी गुंतवायचं, दुसरं काय. तिने अगदी मनापासून म्हटलं. वीज तासाभराने आली. पारा त्याआधीच छत्तीसवर होता. डबा जाड असेल.

७ मार्च
दोन पिल्लं मेली. एवढ्या उबेत, आणि हाताला बर्फासारखी. लेक म्हणाली, असं होतं कधीकधी. तिसरं दुप्पट झालंय. भिंगरीचे पाय गार पडलेत, दोन-दोन मोजे घातले.

८ मार्च
बल्ब काढून ठेवला, बघू म्हटलं. सकाळी छत्तीस, दुपारी छत्तीस. भिंगरी उन्हात बसून कुडकुडते. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, टॉनिक लिहून दिलं. पिल्लू एक घास घेत नाही. तरी फुगतंय.

९ मार्च
पेटी उचलून रस्त्यापलीकडे नेली. मागे धप्प आवाज. भिंगरी उंबऱ्यात पडलेली, ओठ निळे. पेटी परत आणली तेव्हा श्वास चालू झाला. लेकीला सांगितलं. ती म्हणाली, आई, तुझं वय झालं. मग पोरीच्या कपाळाला हात लावला आणि दुसरी गोधडी आणायला धावली.

१० मार्च
पिल्लाची मान धरली. पलीकडच्या खोलीत भिंगरी घुसमटली. सोडली.
परत दे म्हटलं. भिंगरीलाही म्हणायला लावलं. चार वेळा. काही नाही.
पोरीला आता उठून बसवतही नाही.

११ मार्च
बोलायला लावलं मी, निस्तरायचं मी. लेक डॉक्टरांना आणायला गेली. उजवा हात पेटीत घातला. म्हटलं, तिची सोड, माझी घे, सगळी दिली.
डाव्या हाताने लिहितेय —
हात निघत नाही. दुखत नाही. खांदा गार, मग छाती —
भिंगरी उठली. पाय गरम झाले म्हणते, भूक लागली म्हणते. बरं झालं. माझं काय, पिकलं पान —
इकडे आली. मला गारठलेली बघून खाली बसली, माझे पाय चोळतेय. नको म्हणायचंय, जीभ हलत नाही — पाय मागे घेता येत नाहीत —
केवढे गरम हात पोरीचे.
पायांत ऊब येतेय. गुडघ्यापर्यंत आली. जीभ सुटेल आता, सुटली की ओरडून सांगते —
भिंगरीचे दात वाजताहेत. तरी चोळतेय. लेकी, लवकर ये, हिला माझ्यापासून —