आमच्या शांत गल्लीत सगळं ऐकू येतं

ती. जिजीस,

धाकट्या जयसिंगचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दाजींच्या पायांना इथूनच हात लावतो (जवळून लावला की ते दचकतात आणि मग चहा सांडतो). तुझा गुडघा, दाजींची साखर आणि तुमच्या देवासच्या नळाचं पाणी, तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. आम्ही दोघं मजेत. काही काम आहे म्हणून लिहितोय असं मात्र समजू नको. काम काहीच नाही, सहज आठवण आली.

सुदामा नगरचं घर विकून आम्ही तुकोगंजच्या मागच्या या गल्लीत आलो, तेव्हा तू म्हणाली होतीस की म्हातारपणी लोक गावाबाहेर जातात आणि हा बाजारात चाललाय. पण जिजी, इथे बाजार दोन वळणांवर असला तरी आत शिरत नाही. दलाल म्हणाला होता, ‘भिया, दो क़दम पे पूरा शहर, और घर में ऐसी शांति के अगरबत्ती की राख गिरे तो सुनाई दे.’ दलालाने खरं बोलण्याचा हा माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. सुदामा नगरात एका बाजूला आटाचक्की आणि दुसऱ्या बाजूला डीजेवाल्याचं गोदाम, यांच्या मधोमध माझी सगळी नोकरी झाली. त्यामुळे इथे आल्यावर पहिले काही दिवस मला स्वतःचे गुडघे ऐकू येऊ लागले. फ्रिज रडतो असं इंदिराला वाटायचं. तिकडे तिला ओट्यावर उभ्या उभ्या अख्ख्या कॉलनीची बातमी कळायची. इथे बिचारी कुकरशी बोलायला लागली, आणि तो शिट्टी देऊन उत्तर देतो म्हणून त्याच्यावर खूशही राहू लागली.

आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. गॅलरीच्या अगदी खाली एक गुलमोहर आणि त्याला लागून बसण्याजोगी बुटकी भिंत. एका दुपारी मी जरा पडलो होतो, तर खालून आवाज आला, ‘सर, मैं तो देवास बायपास पे हूँ, बहुत ट्रॅफिक है.’ उठून पाहिलं तर एक टायवाले गृहस्थ आमच्या गुलमोहराखाली उभे, आणि सरांची खात्री पटावी म्हणून मधूनमधून स्वतःच्याच स्कूटरचा हॉर्न वाजवताहेत. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की मेन रोडवरच्या ऑफिसांत, दवाखान्यांत आणि शोरूममध्ये धड फोनवर बोलता येत नाही, म्हणून तिथली सगळी जनता बोलायला आमच्या गल्लीत येते. शांत गल्ली म्हणजे रिकामी गल्ली असा लोकांचा समज. वर माणसं राहतात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. एक बाई रोज येऊन वहिनीला सांगायच्या की मी तुमच्यावर मुळीच रागावलेली नाही, आणि हे सांगता सांगता त्यांचा घसा बसायचा.

मी समोरच्या चिंतामणरावांशी सल्लामसलत केली. हे रिटायर मास्तर आहेत, कानाला यंत्र लावतात आणि गल्लीच्या शांततेबद्दल माझ्याहून कडक आहेत. आम्ही दोघांनी मिळून झाडावर बोर्ड लावला, ‘कृपया यहाँ फोन पर बात न करें.’ दुसऱ्याच दिवशी खालून कोणीतरी फोनवर सांगत होतं, ‘अरे सीधा आ जा, वो बोर्ड दिखेगा, फोन पर बात न करें, बस उसी के नीचे खड़ा हूँ.’ त्यानंतर गर्दी वाढली. मीच बोर्ड काढला.

इंदिराने मात्र तक्रार सोडून दिली होती. ती लसूण घेऊन गॅलरीत बसू लागली. (घरात इतका लसूण सोलून झाला की मी खिचडीतही तो खाल्ला.) मी तिला स्पष्ट सांगितलं की दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं आपल्या घराण्यात बसत नाही. आपले पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, समोरून चालून जाणारी माणसं, पडद्याआड उभी राहणारी नव्हेत. असं सांगून मी पेपर वाचायला तिच्या शेजारी बसलो. एकच पेपर दिवसभर पुरवता येतो हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

तर जिजी, या मंडळींत एक मुलगा होता, अश्विन. जवळच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करतो. रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन दोस्ताशी बोलायचा. त्याच्या मनात नीरजा नावाची मुलगी होती, पण गाडी पुढे सरकत नव्हती. ‘भिया, रोज सुबह पोहे की दुकान पे मिलती है, पर बात करती है तो बस मौसम की. उसके दिल में अपन हैं ही नहीं.’ आणि तो गेला की बऱ्याच वेळाने, चहाच्या सुमाराला, कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली एक मुलगी त्याच भिंतीवर येऊन बसायची आणि आपल्या बहिणीला सांगायची, ‘सुरभी, तो रोज भेटतो गं, पण माझ्याशी फक्त हवामानावर बोलतो. आज म्हणाला, ऊन वाढलं.’ ही नीरजा! इंदिराच्या हातून लसणाची अख्खी परडी गॅलरीतच सांडली. विचार कर, दोघांच्या मनातलं दोघांनाच ठाऊक नाही, आणि आम्हा दोघांना तोंडपाठ.

हे असंच चाललं असतं तर आम्ही आनंदाने ऐकत राहिलो असतो. पण एके दिवशी नीरजा बहिणीला म्हणाली, ‘नागपूरच्या हॉस्पिटलचं पत्र आलंय. सोमवारी हो म्हणून कळवणार. इथे थांबायला काही कारण तरी पाहिजे ना?’ आवाज असा झाला होता पोरीचा की मी पेपर खाली ठेवला.

इंदिरा म्हणाली, “अहो, आता तुम्ही खाली उतरा.”

“आपल्याला काय अधिकार?” मी म्हणालो.

“इतके दिवस ऐकलं तेव्हा होता वाटतं?”

दुसऱ्या दिवशी सुट्टीत अश्विन आला तसा मी चप्पल घालून उतरलो. कसं बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, पण त्याच्यासमोर गेल्यावर सगळं विसरलो आणि एकदम म्हणालो, “बेटा, नीरजा नागपुर जा रही है. सोमवार को हाँ बोल देगी. उसके दिल में तू ही है. मौसम छोड़ और उसको दिल की बात बता दे.”

पोरगा पांढरा पडला. “आप... आप कौन?”

मी गॅलरीकडे बोट दाखवून म्हणालो, “मैं ऊपरवाला.”

त्याने खरोखरच हात जोडले गं. मग बोटाच्या दिशेने वर पाहिलं, तिथे इंदिरा लसणाची परडी घेऊन वाकून उभी. त्याला काय कळायचं ते कळलं. “आप लोग हमारी बातें सुनते हो?” एवढंच म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

त्यानंतर गल्लीत कोणी येईना. बातमी मेन रोडभर पसरली असणार. टायवाले गेले, न रागावलेल्या बाई गेल्या. दलालाने सांगितली होती ती शांतता आता खरी मिळाली, आणि जिजी, ती सोसवेना. इंदिरा माझ्याशी कामापुरतं बोले. “मुलीचं काय झालं ते तरी कळायला हवं होतं,” असं कुकरला सांगे. मी गॅलरीत बसून पेपर वाचायचो तो खरोखरच वाचायचो. आपण दोन पोरांचं होत आलेलं बिघडवलं, असं वाटून घास गोड लागत नव्हता.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात नीरजा. जवळून पहिल्यांदाच पाहिली. आवाजावरून वाटायची त्याहून उंच आहे. आत येऊन तिने मला अस्सं फैलावर घेतलं! “काका, लोकांचं बोलणं ऐकता ते ऐकता, वर निरोपही पोचवता? तो मला काय म्हणाला माहितीय? म्हणे, ऊपरवाले अंकल कह रहे थे कि तुम्हारे मन में मैं हूँ. स्वतःच्या मनात काय आहे ते सांगायला त्याला तोंड नाही? मी उद्या नागपूरला कळवून टाकणार.”

मी खाली मान घालून ऐकत होतो. इंदिराने तिच्यापुढे भुट्ट्याच्या किसाची बशी ठेवली आणि विचारलं, “तो कुठे आहे आता?”

“खाली. मागोमाग आलाय. वर यायची हिंमत नाही.”

इंदिराने गॅलरीत जाऊन अशी हाक मारली की सुदामा नगर आठवलं. “ए अश्विन! वर ये! तिच्या बशीतला कीस संपायच्या आत ये!”

आला. दारातच उभा राहिला. घामाने शर्ट भिजलेला. नीरजाकडे पाहून म्हणाला, “नीरजा, आज ऊन...”

“अश्विन!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

मग त्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, “मत जा. म्हणजे, जाऊ नकोस. मला सकाळचे पोहे आवडत नाहीत. मी तुझ्यासाठी येतो. नागपूरला गेलीस तर मी पण येईन, तिथे पण नाही आवडत मला पोहे.”

नीरजा काहीतरी बोलली. हळूच बोलली, मलाही नीट ऐकू आलं नाही. इतक्यात समोरच्या गॅलरीतून चिंतामणराव कानाचं यंत्र दाबत ओरडले, “अहो जयसिंगराव! ती काय म्हणाली? जरा जोरात बोलायला सांगा! इकडे आमची मंडळीही थांबलीत!” पाहतो तर त्यांच्या मागे त्यांच्या सौ., आणि खालच्या मजल्याच्या, शेजारच्या, सगळ्याच खिडक्यांत माणसं. अख्खी गल्ली इतके दिवस श्वास रोखून ऐकत होती, आणि मी समजत होतो की लोक दुपारी झोपतात.

नीरजा गॅलरीत गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हो म्हणाले, काका!” गल्लीत टाळ्या झाल्या. नागपूरला ती नाही म्हणून कळवणार आहे.

बाकी सर्व क्षेम. दाजींना जपायला सांग, तूही जप.

तुझा,
जयसिंग

ता. क. — इंदिराने कीस वाढता वाढता अश्विनला आपल्या रिवाजाप्रमाणे कुठले, कोणाचे, ते विचारून घेतलं. तो देवासचा, तुमच्या शेजारच्या संताजीरावांचा मुलगा निघाला. मुलगी आपल्यातली नाही, ब्राह्मणांची आहे, म्हणून घरी सांगायला पोरगा थरथरतो. नीरजाच्या घरी सुरभीने आधीच सांगून ठेवलंय, ते तयार आहेत. संताजीराव कोणाचं ऐकत नाहीत, पण तुला भितात असं तो म्हणाला. तेव्हा याच आठवड्यात त्यांच्याकडे एकदा जाऊन ये.

ता. क. २ — त्यांच्या कुत्र्याने तुझे पापड खाल्ल्यापासून तुमचं बोलणं बंद आहे, हेही अश्विनने सांगितलं. जिजी, पापड पुन्हा लाटता येतील. इंदिरा पाठवते आहे.

ता. क. ३ — उत्तर पत्रानेच पाठव, फोन करू नको. घरात तुझं नाव घेतलं तरी चिंतामणराव समोरून विचारतात, ‘संताजीराव काय म्हणाले?’