आत्याने आणलेला मुनवा

३ सप्टेंबर १९७६
पुन्हा उगवला! परवाच केळीचा गड्डा खणून काढला, खड्ड्यात घासलेट ओतलं — तरी न्हाणीमागे वीतभर कोंब. पानं तशीच, आखडून झुबक्यासारखी उभी. हे हसले. "झाडाला काय भितेस, कनका? आवडी शहरातला क्वार्टर हा, रान नव्हे!"
यांना काय सांगू?

५ सप्टेंबर
लिहूनच टाकते. तीन वर्षांपूर्वी अण्णाला मुलगा झाला. आमच्या घरची रीत — आत्याने बारशाला आपल्या परसातल्या केळीचा मुनवा, बुंध्याशी फुटलेला कोंब, न्यायचा, बाळाच्या नावाने बापाने तो लावायचा. माझ्या केळीची पानं तेव्हाच आखडलेली, कडा पिवळ्या. म्हटलं, खत कमी पडलं असेल. ओल्या पोत्यात गुंडाळून पळनीच्या डोंगरातल्या अण्णाच्या खोऱ्यात नेला — मिरवत!
वर्षभरात अण्णाची केळी आखडली. मग शेजारच्या सुब्बाची. मग सगळ्या खोऱ्याची. शेतकी खात्याचा माणूस म्हणाला, रोग बाहेरच्या मुनव्यातून आला. सुब्बा दरसाल बाहेरून मुनवे आणायचा, म्हणून गावाने त्यालाच धरलं. त्याचं पाणी तोडलं. बायकोला घेऊन तो खोरं सोडून गेला. मी तिथेच होते. तोंडातून शब्द काढला नाही.

६ सप्टेंबर
चतुर्थी झाली, पण बाजारात डोंगरी केळं एकही नाही. फळवाली म्हणाली, "त्या खोऱ्यातून लॉरीच येत नाही, अम्मा." टोपल्या विणणारे, खेचरवाले, हमाल — केळीवर किती चुली पेटत होत्या! सगळ्या मी विझवल्या.

९ सप्टेंबर
भर दुपारी न्हाणीमागे कुणीतरी खोकलं. सुब्बा असाच खोकायचा, आधी दोनदा, मग थांबून एकदा. जाऊन पाहिलं. कोंबच फक्त. आणखी वाढलाय.

१३ सप्टेंबर
अण्णाचं कार्ड. सुब्बा परगावी वारला. ९ तारखेला.
म्हणजे खोकला ऐकला त्याच दिवशी!

१४ सप्टेंबर
जेवण जात नाही. अण्णाला सगळं लिहिलं. पत्र पेटीच्या तोंडाशी धरून उभी राहिले, शेवटी पोस्टमननेच ते आत ढकललं. आता अण्णाने माझं तोंड पाहिलं नाही तरी चालेल. सुब्बाच्या बायकोला तरी खरं कळू दे.

२२ सप्टेंबर
अण्णाचं उत्तर आलं.
"कनका, पान पाहिल्याबरोबर मला रोग कळला होता. पण तू एवढ्या हौसेने आणलेला, माझ्या बाळाच्या नावाचा मुनवा — नको कसं म्हणू? सुब्बानेही ओळखला. खड्डा त्यानेच खणून दिला. म्हणाला, कनकाअक्काला कधी सांगू नका."